दुसऱ्या गियरवर दिवे घाट

रविवारी पहाटे साडेपाचला अण्णा तयार होऊन दारात उभे होते. पांढरा शर्ट, कोल्हापुरी चपला, वरच्या खिशात लहान डायरी आणि पेन. सहकारनगरहून सासवडला जायला आम्हाला कात्रज-कोंढव्याचा रस्ता सोयीचा. पण अण्णा म्हणाले, "स्वारगेटवरनं काढ. सासवडची गाडी स्वारगेटवरनंच सुटते."

अण्णांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी सासवड डेपोतून. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला धावली. घरात कुणाचा वाढदिवस एक वेळ विसरला जाईल, पण १ जूनला आमच्याकडे आजही गोड होतं. त्यांच्या गाडीत मी लहानपणी इंजिनाच्या बॉनेटशेजारी बसून कितीदा तरी दिवे घाट चढले आहे. या वेळी स्टिअरिंगवर मी होते आणि ते डाव्या सीटवर. माझी पहिली गाडी, पाच गियरची साधी पेट्रोल गाडी. घेऊन तीन महिने झाले होते, आणि पुण्याची हद्द ओलांडून ती पहिल्यांदाच बाहेर निघाली होती.

गाडी घेताना सगळ्यांनी एकच सल्ला दिला होता: पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिकच घे, डावा पाय मोकळा राहील. सल्ला चुकीचा नव्हता. सिंहगड रोडला संध्याकाळी सात वाजता अडकलेला माणूस दुसरं काय सांगणार? पण मला क्लचचीच गाडी हवी होती. अण्णांना जे येतं ते मला त्यांच्याकडून शिकायचं होतं, आणि त्याला आधीच उशीर झाला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात वयामुळे, अण्णा म्हणतात क्लचमुळे. तेव्हापासून त्यांनी गाडी हातात घेतलेली नाही.

शोरूममधून गाडी आणली त्या दिवशी हार, नारळ, चाकाखाली लिंबं, सारसबागेच्या गणपतीला नमस्कार, सगळं यथासांग झालं. चालवली मात्र माझ्या भावाने. माझ्याकडे लायसन्स होतं. लर्निंग लायसन्स काढून तीस दिवस थांबले होते, भोसरीच्या ट्रॅकवर आठचा आकडा काढून पासही झाले होते. तरी किल्ली मी भावाच्या हातात दिली आणि स्वतःच्या गाडीत मागे बसले. ते मला फार लागलं. पुढचे पंधरा दिवस गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती.

त्याचं कारण मला उशिरा कळलं. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. माझा पाय घाईने सुटला की त्याचा पाय सावरून घ्यायचा, आणि मला वाटायचं की जमलं. अठरा दिवस ती गाडी आम्ही दोघांनी मिळून चालवली होती. क्लच म्हणजे काय हे माझ्या पायाला अजून माहीतच नव्हतं.

अण्णांनी सुरुवात पार्किंगपासूनच केली. रात्री दहानंतर, मधली जागा मोकळी झाल्यावर. पहिले तीन दिवस त्यांनी मला एक्सलेटरला पायच लावू दिला नाही. पहिला गियर टाकायचा, टाच जमिनीला टेकवायची आणि क्लच इतका हळू सोडायचा की कागद सरकवावा. एका जागी येऊन इंजिनाचा आवाज जाड होतो. काटा आठशेवरून किंचित खाली येतो, बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटतं, स्टिअरिंगमधून बारीक थरथर हाताला लागते. "हितं थांब," अण्णा म्हणायचे. "हितंच गाडी आहे. बाकीचा क्लच नुसता पाय ठेवायला." तिथे पाय धरला की एक्सलेटरशिवाय गाडी आपोआप सरकायला लागते, कारण इंजिन बंद पडू नये म्हणून हल्लीच्या गाड्या स्वतःच थोडं पेट्रोल वाढवतात. पार्किंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि रिव्हर्समध्ये परत. रोज चाळीस वेळा. जाड सोलचे बूट त्यांनी पहिल्याच रात्री काढायला लावले. पातळ सोलमधून ती थरथर कळते.

क्लचच्या आत काय घडतं हे त्यांनी दोन ताटल्या घेऊन दाखवलं. एक इंजिनाबरोबर फिरणारी, दुसरी चाकांकडे जाणारी. क्लच दाबला की दोघी सुट्या, सोडला की एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. मधल्या त्या इंचभरात दोघी घासत घासत एकमेकींचा वेग धरतात. त्या इंचभरात गाडी सुटते, आणि प्लेट जळते तीही तिथेच. म्हणून गाडी चालू लागली की पाय क्लचवरून काढून बाजूला ठेवायचा. नुसता टेकवून ठेवायचा नाही. हे वाक्य मी झोपेतही ऐकलं असेल.

तर स्वारगेट. सहाला दहा मिनिटं कमी होती. अण्णांनी स्टँडकडे एक नजर टाकली, डायरीत वेळ लिहिली, मीटरवरचे किलोमीटर विचारून तेही लिहिले. शंकरशेठ रोड, गोळीबार मैदान, रामटेकडी, सगळं मोकळं मिळालं. हडपसरला गाडीतळावरून सासवड रस्त्याला वळलो. पुढे रस्ता रुंद करण्याच्या कामामुळे जागोजागी वळवलेली वाट, खडी, माती आणि पहाटेच कामाला लागलेले डंपर. हा पट्टा मला आवडला नाही. पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत फुरसुंगीच्या पुढे गेलो तेव्हा कुठे श्वास सुटा झाला.

याच टप्प्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अण्णा मला गियर सांगत नव्हते. ते समोर बघत गप्प बसले होते, पण त्यांच्या डाव्या कोल्हापुरीचा रबरी मॅटवर कर्र असा आवाज येत होता. आवाज आला की अर्ध्या क्षणाने मला कळायचं की गियर बदलायला झाला. त्यांचा पाय क्लच दाबत होता! ऑपरेशन झालेला तोच डावा पाय. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी पाय आवरून धरला असता, आणि मला तो आवाज हवा होता.

वडकी मागे पडली आणि घाट समोर आला. पावसाळा असल्यामुळे डोंगर हिरवागार, वरच्या कड्यावर ढग टेकलेले. आषाढी वारीत माउलींची पालखी याच घाटाने वर जाते. रथाला रोजची बैलजोडी असते, पण हा चढ तिला एकटीला ओढवत नाही, म्हणून घाटात जादा जोड्या जुंपतात. गियर म्हणजे काय हे अण्णांनी मला यावरूनच सांगितलं होतं. पहिला गियर म्हणजे जास्तीचे बैल: ताकद वाढते, चाल कमी होते. माझ्यासारख्या गाडीत पहिल्या गियरला इंजिनाचे साधारण साडेतीन फेरे होतात तेव्हा गियरबॉक्सबाहेर एक फेरा पडतो. पाचव्याला एक पुरा फेराही लागत नाही. सपाटीवर एका जोडीवर रथ पळतो. घाटात जोड्या वाढवायच्या, त्याही चढ लागायच्या आधी. मधे थांबून नाही.

पहिल्या दोन वळणांना मी तिसऱ्यावर होते. चपलेचा आवाज आला, मी म्हटलं अजून थोडं ओढेल. इंजिन घुसमटल्यासारखं धडधडायला लागलं, एक्सलेटर दाबून काही उपयोग होईना. क्लच, दुसरा, पाय सोडला, आणि आवाज एकदम मोकळा झाला. गाडी चढायला लागली. "ऐकलंस?" अण्णा म्हणाले. "ती सांगते. आपण ऐकायचं." जुन्या गाड्यांना खाली गियर टाकताना दोनदा क्लच मारावा लागायचा, मधे न्यूट्रलमध्ये रेस देऊन फेरे जुळवायचे, नाहीतर गियर कडकड ओरडायचा. आता गियरबॉक्समधली पितळी रिंग ते काम गुपचूप करते. तीस वर्षं जे काम अण्णांच्या पायाने आणि कानाने केलं, ते त्या एवढ्याशा रिंगेत आहे, हे मला चढताना पहिल्यांदा नीट कळलं. आणि तेव्हा पॉवर स्टिअरिंगही नव्हतं.

मधल्या एका मोठ्या वळणावर वरून ट्रक येत होता. त्याने निम्म्याहून जास्त रस्ता व्यापला. खरं तर घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड. पण माझ्या पुढचा भाजीचा टेम्पो थांबला आणि मलाही थांबावं लागलं. हँडब्रेक ओढला. आरशात पाहिलं तर मागे लाल एसटी, भरलेली.

टेम्पो हलला. मी क्लच सोडला, रेस कमी पडली, गाडीने झटका खाल्ला आणि बंद पडली. हँडब्रेक अजून वर होता, म्हणून गाडी जागची हलली नाही, पण माझे हात गार पडले. अण्णांनी मान वळवून मागे बघितलं. "आपलीच गाडी आहे. सासवडचीच असंल. थांबंल तो." मागून हॉर्न वाजला नाही. एसटीवाल्याने दोन गाड्यांचं अंतर सोडलं होतं. चढावर नवखा दिसला की एवढं अंतर सोडायचं असतं, असं अण्णांनी मला नंतर सांगितलं.

पुन्हा चावी. पहिला. टाच जमिनीला. पार्किंगमधली ती जागा पायाने शोधली: आवाज जाड झाला, बॉनेट उचललं, गाडीचा मागचा भाग जरासा खाली बसला. हँडब्रेक अजून ओढलेलाच होता आणि गाडी त्याला पुढे ताण देत होती. तो ताण आला की आता मागे जायची भीती नाही. थोडी रेस, हँडब्रेक खाली, आणि गाडी सुटली. एक वीतभरही मागे गेली नाही. करपलेल्या पुठ्ठ्यासारखा किंचित वास आला, क्लच जरा जास्त घासला गेला होता. वळण संपल्यावर अण्णा म्हणाले, "आता टाक दुसरा." सगळ्या घाटात त्यांनी तोंडाने सांगितलेला तो एकच गियर. पुढे जागा मिळाली तशी मी डावीकडे घेऊन एसटीला वाट दिली. ड्रायव्हरने जाताना हात वर केला. अण्णांनीही केला.

घाटमाथ्यावर दोन मिनिटं थांबलो. खाली मस्तानी तलाव पावसाच्या पाण्याने गढूळ दिसत होता, त्याच्या पलीकडे वडकीची शेतं आणि लांब धुक्यात पुणं. अण्णा तलावाकडे बघत नव्हते. आम्ही चढून आलो ती वळणं ते एकेक करून बघत होते.

सासवडला सोपानदेवांच्या समाधीचं दर्शन घेतलं, कऱ्हेकाठी संगमेश्वराला जाऊन आलो, सीताफळांची एक पाटी घेतली. स्टँडवर अण्णांच्या ओळखीचे फक्त एक कँटीनवाले उरले आहेत. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. मला विचारलं, "तुम्ही आणली गाडी? घाटातनं?" मी हो म्हटलं.

परतीला घाटमाथ्याच्या आधीच मी दुसरा टाकला. ज्या गियरवर चढलो त्याच गियरवर उतरायचं. एक्सलेटरवरून पाय काढला की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, ब्रेक वळणापुरता लागतो आणि तापत नाही. पेट्रोल वाचवायला म्हणून उतारावर न्यूट्रल करणारे लोक मी पाहिले आहेत. खरं तर गियरमध्ये उतरताना हल्लीच्या गाड्यांचं इंजिन पेट्रोल घेणंच थांबवतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. अण्णांचं म्हणणं याहून सोपं आहे: "उताराला न्यूट्रल म्हणजे बैल सोडून रथ ढकलून देणं."

शेवटचं वळण उतरून वडकीचा सरळ रस्ता लागला. मी क्लच दाबला आणि त्याच क्षणी चपलेचा कर्र आवाज आला. आधी नाही, नंतर नाही. तिसरा पडला.

हडपसरच्या पंपावर टाकी पुन्हा फुल केली. शनिवारी रात्री भरली होती, तेव्हापासून ७१ किलोमीटर झाले होते, पेट्रोल बसलं ४.१ लिटर. एसटीत हिशेब दर दहा लिटरला किती किलोमीटर असा होतो, म्हणून अण्णांनी डायरीत १७३ लिहिलं आणि खाली रेघ मारली. सीताफळांची पाटी मांडीवर सावरत त्यांनी पान माझ्याकडे वळवलं. स्वारगेट सुटली ५.५०. सासवड पोच ७.०५. दिवे घाट दुसरा गियर, एकदा बंद, मागे सरकली नाही. त्याखाली 'चालक' असं लिहून त्यांनी माझं नाव घातलं होतं, माहेरचं आडनाव लावून.