"साहेब, मग दाखला कोरा मिळंल ना?"

तालुका कोर्टात वकिली करतो, नऊ वर्षं झाली, आणि विधी सेवा समितीच्या पॅनेलवर नाव असल्याने ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींच्या केसेस येतात. गेल्या वर्षी अशीच एक आली. पोरगं बावीसचं, टेम्पोवर क्लीनर, मोटार रिवाइंडिंगवाल्याच्या गोडाउनमधून तांब्याच्या तारेची बंडलं उचलली असा आरोप, भरदुपारी, शटर अर्धं उघडं. जामीन मंजूर झाला होता पण सातबारा घेऊन जामीनदार म्हणून उभं राहायला कोणी नाही, आई ऊसतोडीला जाणारी, त्यामुळे पठ्ठ्या अकरा महिने आतच.

चार्ज फ्रेम झाला, म्हणजे कोर्टाने आरोप निश्चित केला, त्या दिवशी माझ्या डोक्यात प्ली बार्गेनिंग आलं, म्हणजे गुन्हा कबूल करायचा आणि बदल्यात कमी शिक्षा घ्यायची. आपल्याकडे 2006 पासून आहे हे, पण वापरतं कोण, आमच्या कोर्टात मी आजवर दोन अर्ज बघितले आणि त्यातला एक माझाच. कागदावर केस अगदी मापात बसत होती. गोडाउनमधली चोरी, न्याय संहितेचं कलम 305, शिक्षा सात वर्षांपर्यंत. सातच्या वर गेलं की हा रस्ता बंद. म्हणजे त्याने कुलूप तोडलं असतं तर घरफोडी लागली असती, चोरीसाठी केलेली घरफोडी दिवसा असली तरी दहा वर्षांपर्यंत जाते, मग अर्ज करायची सोयच नाही. मालकाने शटर अर्धं उघडं ठेवलं, त्याच्यावर सगळं उभं होतं!

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पहिल्याच गुन्ह्याला कमाल शिक्षेच्या एक षष्ठांश असं आहे. सात वर्षांचे 84 महिने, भागिले सहा, 14. आत काढलेले अकरा त्यातून वजा. राहिले तीन. मी बार रूममध्ये चहाच्या पावतीमागे हे गणित केलं आणि खरं सांगतो, स्वतःवर खूश झालो. अर्ज चार्जपासून 30 दिवसांत द्यावा लागतो, म्हणून घाईही होती. फिर्यादी तर आधीच म्हणत होता की माल परत मिळाला, मला तारखांना बोलवू नका म्हणजे झालं.

त्याला समजावलं ते लॉकअपच्या जाळीतून, पाच मिनिटांत, मागे गार्ड "चला चला" करतोय. मी काय बोललो ते शब्दशः आठवतंय. "गुन्हा कबूल करायचा, तीन महिन्यांत केस मिटते." तो लगेच हो म्हणाला. शपथपत्रावर सही केली, त्यात लिहिलेलं असतं की मी स्वखुशीने अर्ज करतोय आणि शिक्षेचं स्वरूप मला समजलेलं आहे. ते वाक्य मी टाइप करून घेतलं, त्याला वाचून दाखवलंही असेन, म्हणजे दाखवलं असावं.

मग ती तारीख. कायद्याने न्यायाधीश साहेबांनी आरोपीला एकट्याला विचारायचं असतं, फिर्यादी आणि सरकारी वकील आत नसतात. चेंबरमध्ये साहेब, स्टेनो, तो आणि कोपऱ्यात मी. साहेबांनी मला आधीच सांगितलं, तुम्ही मधे बोलायचं नाही. पोरगं हात मागे बांधून उभं, सवयच लागलेली. साहेब म्हणाले, बस. तो खुर्चीच्या कडेला टेकला.

"कोणी दबाव आणला का?" नाही. "मारहाण, आमिष?" नाही. साहेब तिथेच थांबले असते तर अर्ज पुढे गेला असता, पण त्यांनी विचारलं, "तुला काय समजलं ते तुझ्या शब्दांत सांग."

"कबूल केलं की केस मिटती. मग मी सुटतो. साहेब, मग दाखला कोरा मिळंल ना? कंपनीत पोलीस व्हेरिफिकेशन मागत्यात."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत, बघितलं फक्त. कान तापले माझे. गावाकडे "केस मिटली" म्हणजे तडजोड, बांधावरची भांडणं मिटतात तशी, ज्यात आरोपी निर्दोष सुटतो आणि रेकॉर्डला काही चिकटत नाही. गोडाउनमधली चोरी तशी मिटत नाही, आणि प्ली बार्गेनिंगमध्ये शिक्षा कमी असली तरी ती शिक्षाच, माणूस दोषी ठरतो, अपीलसुद्धा करता येत नाही. दोन वेगळ्या गोष्टींना मी एकच शब्द वापरला होता.

साहेबांनी हे सगळं त्याला सावकाश सांगितलं, माझ्यापेक्षा बरंच सोपं करून. तो ऐकून गप्प. मग म्हणाला, "तार मी उचललीच नव्हती. मी टेम्पोत बसलो होतो. वकीलसाहेबांनी विचारलंच नाही."

विचारलं नव्हतं, खरंय. चार्जशीट वाचली होती.

अर्ज तिथेच निकाली, समजून-उमजून दिलेला नाही म्हणून. त्यात त्याने दिलेली कबुली पुढे त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, ही एवढी एक गोष्ट मी नीट सांभाळली. मग जामीनदाराची अट काढून जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सोडा असा अर्ज टाकला, जो खरं तर आधीच टाकायला हवा होता, आणि आठवड्यात पोरगं बाहेर आलं.

केस अजून चालू आहे. एक पंच साक्षीत फुटला, म्हणजे उलटला, दुसऱ्याला समन्स बजावणं चाललंय, तपासी अंमलदाराची बदली झाली. ते 14 महिने कधीच उलटून गेले. कंपनीतलं काम मिळालं नाहीच, कारण व्हेरिफिकेशनमध्ये केस प्रलंबित दाखवते. एपीपी, म्हणजे सरकारी वकील, मला हसत म्हणतात, तेव्हा करून घेतलं असतं तर आतापर्यंत मोकळा झाला असता तो. मी त्यांना उत्तर देत नाही. पोरगं दर तारखेला साडेदहाला हजर असतं, बार रूमच्या दारातून आत डोकावतं आणि विचारतं, "साहेब, आज तरी साक्षीदार आलाय का?"