शाळेच्या दारातली गाडी

सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेत, डेन्व्हरला आल्या, तेव्हा नातवाची शाळा बघायचीच म्हणून हटून बसल्या. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली की इथे एक संध्याकाळ पालकांसाठी असते. त्या दिवशी त्यांना घेऊन गेलो. दारातच एक पोलीस उभा होता. सहा फूट उंच, काळा गणवेश, छातीवर कॅमेरा, कंबरेला पिस्तूल, आणि हातात लहान भावंडांना वाटायला पोलिसी बिल्ल्याच्या आकाराचे स्टिकर. सासूबाईंनाही त्याने एक दिला. त्यांनी तो पर्समध्ये ठेवला, मला भिंतीकडे ओढलं आणि हळूच विचारलं, "अगं, शाळेत चोरीबिरी झालीय का?"

"नाही हो आई, तो रोजच असतो."

"रोज? कशासाठी?"

त्या रात्री गाडीत मी त्यांना समजावून सांगायला लागले आणि दहा मिनिटांत माझंच मला कळेनासं झालं.

आमच्या साताऱ्याच्या शाळेत पोलीस यायचा तो दहावीच्या परीक्षेला. मागच्या भिंतीवरून चिठ्ठ्या फेकणाऱ्या दादालोकांमागे काठी घेऊन धावणारा, घामाघूम झालेला हवालदार. पेपर संपले की तोही गेला. एरवी पोलीस आमच्या बालपणात असायचा तो जेवताना. "संपव ताट, नाहीतर पोलिसाला देऊन टाकीन." हल्ली पुण्याकडे 'पोलीस काका' असतात, शाळेला नेमून दिलेले, पण ते बोलावलं की येणारे. इथला माणूस शाळेतच असतो, त्याला तिथे खोली असते, आणि पोरं त्याला नावाने हाक मारतात. माझा मुलगा मधल्या सुट्टीत त्याच्याबरोबर बास्केटबॉल खेळतो. आजीने व्हिडिओ कॉलवर सवयीने "पोलिसाला देईन हं" म्हटलं तर हा म्हणाला, "दे की, तो माझ्याच टीममध्ये आहे."

त्याला इथे 'स्कूल रिसोर्स ऑफिसर' म्हणतात, बोलताना नुसतं एसआरओ. माणूस पोलीस खात्याचा किंवा शेरीफच्या (जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या) ऑफिसचा, नेमणूक मात्र शाळेत. ही पद्धत जुनी आहे, मिशिगनमधल्या फ्लिंट गावात १९५०च्या दशकात सुरू झालेली. तेव्हा हेतू असा की पोरांना पोलिसांची ओळख व्हावी, भीती जावी. पण ती देशभर पसरली ती आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर असलेल्या एका शाळेमुळे.

कोलंबाइन. २० एप्रिल १९९९. त्याच शाळेच्या दोन विद्यार्थ्यांनी १२ मुलांना आणि एका शिक्षकाला गोळ्या घालून मारलं. शाळा आजही तिथेच भरते. शेजारच्या क्लेमेंट पार्कमध्ये तळं आहे, बदकं आहेत, आणि टेकडीच्या कुशीत स्मारक आहे. सासूबाईंना मी तळ्यावर फिरायला म्हणून नेलं होतं. स्मारकाकडे न्यायचं ठरलेलं नव्हतं, पण त्यांचीच पावलं तिकडे वळली. दगडांवर कोरलेला मजकूर त्यांना वाचता येत नव्हता. "किती वर्षांची होती ही?" एवढंच त्या प्रत्येक नावापाशी विचारत होत्या. पंधरा, सोळा, सतरा मी सांगत गेले. आम्ही डबा नेला होता, तो तसाच परत आणला.

कोलंबाइनची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या दिवशी शाळेत पोलीस होता. नेमलेला, सशस्त्र. हल्ला सुरू झाला तेव्हा तो शाळेच्या आवारात गाडीत जेवत होता. निरोप आल्यावर धावला, लांबून गोळ्याही झाडल्या, लागल्या नाहीत. बाकीचे पोलीस विशेष पथकाची वाट बघत बाहेर थांबले आणि आत एक शिक्षक तासन् तास रक्त जाऊन मेला. त्यानंतर देशाने ठरवलं काय, तर शाळाशाळांत पोलीस नेमायचे. केंद्र सरकारने पैसा ओतला, हजारो एसआरओ भरले गेले. ज्या शाळेत पोलीस असून उपयोग झाला नाही, तिच्यावरून हा धडा कसा घेतला कोण जाणे. पण इतकी मुलं गेल्यावर काहीतरी करायला हवं होतं आणि हे करता येण्यासारखं होतं. आपणही चोरी झाली की आधी कुलूप बदलतो, चोर किल्लीने शिरला होता का हे नंतर बघतो.

मग आलं २०२०. मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसाने मानेवर गुडघा दाबून मारलं आणि देशभर लोक रस्त्यावर उतरले. त्या जूनमध्ये डेन्व्हरच्या स्कूल बोर्डाने एकमताने ठरवलं की पोलीस खात्याशी असलेला करार संपवायचा. (हे बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं असतं, शाळांचं बजेट त्याच्या हातात.) कारण नवं नव्हतं. पोलीस शाळेत असला की शाळेच्या साध्या भांडणांचे गुन्हे होतात, आणि ते होतात जास्त करून काळ्या आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मुलांच्या वाट्याला. आम्ही उपनगरात राहतो, आमचं बोर्ड वेगळं, आमचा पोलीस राहिला. पण डेन्व्हरमध्ये वर्षभरात ते सगळे बाहेर पडले.

आता ईस्ट हायस्कूल. कोलफॅक्स अव्हेन्यू आणि सिटी पार्कजवळची विटांची, घड्याळाच्या मनोऱ्याची देखणी इमारत, अडीच हजारांच्या आसपास मुलं. पुण्यात जसं अमुक शाळेचा म्हटलं की मान वळते, तशी ही शाळा. फेब्रुवारी २०२३ मध्ये शाळेबाहेर गाडीत बसलेल्या १६ वर्षांच्या विद्यार्थ्यावर कुणीतरी गोळ्या झाडल्या. १ मार्चला तो गेला. मुलं वर्ग सोडून कॅपिटॉलवर, म्हणजे इथल्या राज्याच्या विधिमंडळावर, मोर्चाने गेली. आणि २२ मार्चला शाळेच्या आतच ते झालं.

हे नीट सांगायला हवं, कारण माझं मत इथे येऊन अडकतं. १७ वर्षांचा एक विद्यार्थी होता, आधीच्या शाळेतून काढलेला. त्याला शाळेत घेताना अट होती की रोज सकाळी त्याची अंगझडती होईल. ती घ्यायची कुणी? पोलीस तर नव्हते. म्हणून ती घ्यायचे डीन. डीन म्हणजे आपल्या शाळेतले सुपरवायझर समजा. उशिरा आलेल्यांना ओरडणारे, दाखल्यांवर सह्या करणारे. त्या दिवशी झडतीच्या वेळी मुलाने पिस्तूल काढलं आणि दोन डीनवर गोळ्या झाडल्या. दोघंही वाचले. मुलगा पळाला, आणि त्याच रात्री डोंगरात बेली गावाजवळ त्याचं प्रेत सापडलं.

मी ती बातमी वाचली आणि मला आमचे साताऱ्याचे सुपरवायझर दिसले. खडूने माखलेला शर्ट, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला. ते दररोज सकाळी एका पोराचे खिसे पिस्तुलासाठी चाचपतायत. बोर्डाने पोलीस काढला, पण पोलिसाचं काम राहिलंच, आणि ते येऊन पडलं सुपरवायझरच्या गळ्यात. दुसऱ्याच दिवशी बोर्डाने स्वतःचा ठराव स्थगित केला. जूनमध्ये पोलीस कायमचे परत आणायचे का यावर मतदान झालं. चार विरुद्ध तीन मतांनी 'आणायचे' ठरलं. तीन वर्षांपूर्वीचं एकमत एका मतावर आलं होतं.

आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या आठवड्यात चर्चा झाली म्हणणं जरा जास्तच होईल. एकाने 'पोलीस हवेच' लिहिलं आणि खाली पन्नास अंगठे उठले. त्यात माझाही एक. कुणीतरी पुढे लिहिलं, "सरळ मुलांना काय भीती?" त्यालाही मी काही बोलले नाही.

आमच्या शेजारची बाई नर्स आहे, कृष्णवर्णीय. तिचा मुलगा माझ्या मुलाच्याच वर्गात. एकदा बर्फ उपसताना तिने मला विचारलं, "तुझा मुलगा त्या ऑफिसरच्या बाजूने जाताना काय करतो?"

"काय करणार? हाय म्हणतो."

"माझा खिशातून हात बाहेर काढतो," ती म्हणाली. "मी शिकवलंय त्याला. सहावीत होता तेव्हा."

आमची दोन्ही पोरं एकाच बसने जातात, एकाच दारातून आत शिरतात. मी फावडं तसंच धरून उभी राहिले. मग तिनेच विषय बदलला, माझी सोय बघून.

त्याच वर्षी माझ्या मुलाच्या एका मित्राची कॅन्टीनमध्ये कुणाशी तरी झटापट झाली. रक्त नाही, काही नाही, ट्रे उडाले. आपल्याकडे काय झालं असतं? दोघांना ऑफिसबाहेर उभं केलं असतं, बापांना बोलावलं असतं, आणि पूर्वी असतं तर दोघांच्या कानाखाली बसली असती (तेही चूकच). इथे ऑफिसर पलीकडेच उभा होता. त्याने दोघांना कागद फाडून दिला, कोर्टाची तारीख. चौदा वर्षांची पोरं. ऑफिसर वाईट माणूस नाही, खरंच नाही. पण भांडण सोडवायला तुम्ही पोलीस बोलावलात तर तो पोलिसासारखंच सोडवणार, आणि शाळेलाही हळूहळू सवय लागते की हे आपलं काम नाही.

म्हणून मी जरा वाचायला घेतलं. ऑल्बनी विद्यापीठ आणि रँड या संस्थेच्या संशोधकांनी देशभरातल्या शाळांची आकडेवारी तपासली होती. त्यांना दिसलं की पोलीस असला की मारामाऱ्या कमी होतात. हे खरं धरायला हवं. बंदुकीच्या घटना मात्र कमी होत नाहीत. आणि मुलांना काढून टाकणं, पोलिसांत देणं, अटक करणं हे वाढतं, काळ्या मुलांचं सगळ्यात जास्त. दुसरा एक अभ्यास १९८० ते २०१९ मधल्या शाळांतल्या १३३ गोळीबारांचा. जिथे सशस्त्र रक्षक हजर होता, तिथे मृतांचं प्रमाण पावणेतीन पटींहून जास्त निघालं. त्यांचा कयास असा, की हल्ला करणारी पुष्कळ पोरं मरायच्याच तयारीने येतात. समोरची बंदूक त्यांना अडवत नाही.

टेक्सासमधल्या युवाल्डीचं तर सगळ्यांना माहीत आहे. मे २०२२, प्राथमिक शाळेत गोळीबार. स्कूल डिस्ट्रिक्टचं (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) स्वतःचं पोलीस खातं, एकूण ३७६ पोलीस जमले, आणि ७७ मिनिटांनी आत शिरले. १९ मुलं, दोन शिक्षिका. उलट सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्जियातल्या अपालाची हायस्कूलमध्ये शाळेतले पोलीस काही मिनिटांत समोर जाऊन उभे राहिले आणि १४ वर्षांच्या पोराने शरणागती पत्करली. तोवर चार जण गेले होते. पोलीस नसते तर किती, हे कुणी कसं सांगणार?

बेली गावाचं नाव वर आलं. ते इथल्या पालकांना आधीपासून ठाऊक होतं. २००६ मध्ये तिथल्या शाळेत बाहेरचा एक माणूस शिरला, मुलींना ओलीस धरलं, आणि एका १६ वर्षांच्या मुलीला मारलं. त्याआधी तिने आईवडिलांना मेसेज केला होता, 'आय लव्ह यू गाईज.' आईवडिलांनी त्याच नावाने संस्था काढली आणि शाळांसाठी एक ठरावीक भाषा तयार केली. 'सिक्युअर' म्हणजे धोका बाहेर आहे, दारं बंद, वर्ग चालू. 'लॉकडाऊन' म्हणजे धोका आत आहे, कुलूप लावा, दिवे घालवा, नजरेआड व्हा. इथली पोरं बालवाडीपासून हे पाढ्यांसारखं म्हणतात.

मागच्या वर्षी मी दुकानात भाजी निवडत असताना मुलाचा मेसेज आला. "आई, लॉकडाऊन. मी ठीक. फोन करू नको, आवाज होईल." कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन मी गाडीत येऊन बसले. पैसे दिले नव्हते हे नंतर लक्षात आलं. बावीस मिनिटांनी शाळेचा निरोप आला की तो 'सिक्युअर' होता, जवळच्या रस्त्यावर कुणाचा तरी पाठलाग चालला होता, मुलाने गडबडीत चुकीचा शब्द लिहिला. त्या बावीस मिनिटांत मला एकही अभ्यास आठवला नाही. शेजारीण आठवली नाही. एकच डोक्यात होतं, तो ऑफिसर आत आहे ना.

त्यानंतर महिन्याभरात आमच्या डिस्ट्रिक्टने पालकांचं मत मागवलं, ऑनलाइन. शाळेत पोलीस असावा का? हो, नाही, सांगता येत नाही. खाली लिहायला चार ओळींची जागा. नवऱ्याने 'नाही' वर टिचकी मारली आणि खाली लिहिलं की तेवढ्या पैशात अजून समुपदेशक नेमा. त्याचं बरोबर आहे. समुपदेशकांची संघटना अडीचशे मुलांमागे एक म्हणते, आमच्या शाळेत त्याच्या आसपासही नाही. मी 'हो' म्हटलं. चार ओळींत लिहिलं, कॅन्टीनमधल्या भांडणात त्याला बोलावू नका, आणि कुणाची झडती घ्यायची वेळ आली तर सुपरवायझरला पुढे करू नका. इंग्रजीत 'सुपरवायझर' चा अर्थ त्यांना काय लागला असेल देव जाणे. शेजारणीला मी माझं उत्तर अजून सांगितलेलं नाही.

१० सप्टेंबर २०२५ ला एव्हरग्रीन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला. डोंगरातली शाळा, कोलंबाइनच्याच काउंटीतली, म्हणजे जिल्ह्यातली. एका विद्यार्थ्याने दोघांना जखमी केलं आणि स्वतःला संपवलं. त्या वेळी शाळेचा ऑफिसर तिथे नव्हता. ही बातमी सासूबाईंनी साताऱ्यात टीव्हीवर बघितली आणि आमच्या पहाटे फोन आला. "तुमचा तो पोलीस आहे ना गं अजून?"

"आहे, आई."

परवा बस चुकली म्हणून मुलाला सोडायला मी गेले, तर ऑफिसरची गाडी जागेवर नव्हती. पांढरी एसयूव्ही, रोज झेंड्याच्या खांबाशी उभी असते. मुलगा उतरला, दप्तर एका खांद्यावर, मागे न बघता आत गेला. मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिले. मागच्या आरशात बघितलं तर शेजारणीची गाडी माझ्यामागे दोन जागा सोडून उभी होती. तिचंही इंजिन चालू होतं.