गॅलाथियाच्या किनाऱ्यावरचे ढिगारे

ग्रेट निकोबारला कॅम्पबेल बेपाशी बोटीतून उतरलं की मराठी कानावर पडतं. 1969 पासून माजी सैनिकांची कुटुंबं इथं वसवली गेली, त्यात महाराष्ट्रातलीही होती. मी उतरलो त्या घरातल्या आजी म्हणाल्या, "पाखरू बघायचंय ना? मग आत रानात कशाला जातोस? ते किनारा सोडत नाही."

पाखरू म्हणजे निकोबार मेगापोड. कोंबडीएवढं, तपकिरी, चेहऱ्यावर पिसं नाहीत, नुसती लाल कातडी. पाय मात्र अंगाच्या मानानं भलतेच दणकट.

वाटाड्यासोबत बेटाच्या दक्षिणेकडच्या गॅलाथिया उपसागराच्या किनाऱ्यालगत केवड्याच्या गचपणातून गेलो. झाडीत वाळू, माती, प्रवाळाचे तुकडे आणि कुजका पाला यांचा कमरेइतका उंच ढीग. हेच घरटं! वाटाड्यानं लांबच थांबवलं. बऱ्याच वेळानं जोडी आली. एकानं ढिगाकडे पाठ केली आणि एकेका पायानं पाला मागं फेकायला सुरुवात केली. दोन-चार फटकारे, मग थांबून मान वर, पुन्हा फटकारे. प्रवाळाचा चांगला मोठा तुकडासुद्धा त्यानं सहज उडवला.

हा पक्षी अंड्यांवर बसतच नाही. उकिरड्यात हात घातला की जी ऊब लागते, तीच इथं अंडी उबवते. पाला कुजताना ढिगाच्या पोटात साधारण 33 अंश तापमान राहतं. अंडं कोंबडीच्या अंड्याच्या दुप्पट, त्यातला बलकही भरपूर. सत्तरेक दिवसांनी पिल्लू आतूनच माती उकरत वर येतं, अंगावर पिसं घेऊनच, आणि लवकरच उडूही लागतं. त्याला भरवायला आई नाही की बाप नाही. ढीग मात्र वर्षानुवर्षं वापरात राहतो, कधी एकाहून जास्त जोड्यांच्या.

ढिगारे बहुतेक किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात असतात. 2004 च्या त्सुनामीनं नेमका तोच पट्टा धुऊन नेला. बेटाचं दक्षिण टोक चार मीटरच्या आसपास खचलं. तिथलं इंदिरा पॉइंटचं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. नंतरच्या पाहणीत या पक्ष्यांची संख्या सुमारे 70 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. उरलेल्या जोड्यांनी नव्या किनाऱ्यावर पुन्हा ढीग रचले, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता त्याच गॅलाथिया उपसागरात मोठं बंदर व्हायचंय. त्यासाठी गॅलाथिया बे अभयारण्याचा दर्जा 2021 मध्ये काढून घेतला आणि मेगापोडसाठी छोटं मेंचाल बेट राखून ठेवायचं ठरलं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, जगात फक्त निकोबारमध्ये सापडणारा हा पक्षी. मेंचालवरचे मेगापोड मेंचालवर वाढोत, पण गॅलाथियाचे ढिगारे गॅलाथियालाच राहायला हवेत, असं मला अगदी मनापासून वाटतं.