समासातल्या नोंदी

रविवार, रात्री

भाच्याचं लग्न ठरलंय. त्याला स्नानसंस्काराचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा, दाखला हवा होता. तो आता राहतो तिथल्या चर्चमधून नाही, इथूनच मिळणार, कारण संस्कार इथे झाला. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर चर्चच्या कार्यालयात गेले. जुनी वही निघाली. त्याच्या नावापुढच्या समासात दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची, नोंद होती, तीही दुसऱ्याच धर्मग्रामातून (एका चर्चच्या हद्दीतली वस्ती म्हणजे धर्मग्राम) कळवलेली. लग्न लागलं की तेही याच ओळीत चढेल. माणूस कुठेही जाऊन राहो, त्याची नोंद फिरून पहिल्या वहीत येते.

या वह्यांमागचं कारण मोठं व्यवहारी आहे. पूर्वी दोघांनी एकमेकांना वचन दिलं की लग्न झालं, असं धरलं जाई. पुढे एक जण उलटला तर साक्षीला कोण? म्हणून कॅथोलिक बिशपांच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ साली ठरवलं, की लग्न धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर, दोन-तीन साक्षीदारांदेखत लागावं आणि वहीत लिहिलं जावं. फसवल्या गेलेल्या बायकांचा विचार त्यात किती होता देव जाणे, पण आधार त्यांना मिळाला हे खरं.

मिस्सा हल्ली मोबाइलवरही दिसते. आजारी माणसाला त्याचा दिलासा मोठा, त्याला नावं ठेवणार नाही. पण मोबाइलवर कोण आलं नाही हे कुणाला कळत नाही. आमच्या बाकावरची म्हातारी दोन रविवार दिसली नाही, तर तिसऱ्या रविवारच्या आत कुणीतरी तिच्या दारात उभं असतं. कधी व्हिन्सेंट द पॉल संस्थेची माणसं, कधी नुसती चौकस शेजारीण. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसमधल्या काही विद्यार्थ्यांनी सुरू केली, फ्रेडरिक ओझानाम हा त्यांतला एक. गरिबाला मदत पाठवून मोकळं व्हायचं नाही, त्याच्या घरी जाऊन बसायचं, हा त्यांचा पहिल्यापासूनचा रिवाज. बसणं हेच अवघड. पाकीट देणं सोपं असतं.

शिवाय धर्मग्राम आपण निवडत नाही. पत्त्यावरून ठरतो. त्यामुळे जिच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही, तिच्यासमोरच ‘शांती असो’ म्हणत हात जोडावे लागतात. आवडीची माणसं गोळा करून केलेल्या प्रार्थनागटात ऊब जास्त असते, मान्य. पण तिथे न पटणारं माणूस फार दिवस टिकत नाही. इथे ते पुढच्या रविवारीही समोर असतं, गायकवृंदात आपल्यापेक्षा वरच्या पट्टीत गात.

भांडणं आहेतच. सणाच्या रोषणाईवर किती खर्चायचं, धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिक्षक का मिळत नाहीत, तीच तीच माणसं सगळ्या समित्यांवर का. प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती असलीच पाहिजे असा चर्चचा कायदा आहे, पण ती सल्ला देणारी. मुकाट मान डोलावणारी माणसं नेमली तर कायद्याचा उपयोग काय?

मला जास्त खुपतं ते भाडेकरूंचं. त्यांनी धर्मग्रामाच्या नावनोंदणीच्या कार्डाचा अर्ज भरलेला नसतो, म्हणून कार्यालयात ‘तुम्ही आमचे नाही’ असं ऐकून परत जातात. आजही माझ्यासमोर एक तरुण बाई तशीच परत गेली, कडेवर मूल घेऊन. खरं तर कायदा त्यांच्या बाजूचा आहे. तीन महिने राहण्याच्या इराद्याने आलेला माणूसही त्या धर्मग्रामाचा होतो, अर्ज भरो न भरो. प्रमुख धर्मगुरूंनी दर रविवारी लोकांसाठी म्हणून एक मिस्सा अर्पण करायची असते, त्या लोकांत ती बाईही आली. बुधवारी फादरांना भेटून हे बोलणार आहे. तिचा पत्ता शेजारणीकडून मिळेल.