भिंतीआधीची टपली

मागच्या आठवड्यात टँकवर गर्दी नव्हती म्हणून एक लेन डोळे घट्ट मिटून पोहून बघितली. दहा-बारा हात मारले असतील, दोरीला खांदा घासला, आणि मग आता भिंत येणार, आता येणार या धाकाने हात आपोआप आखडायलाच लागले. रोजचा टँक, तरीही. तेव्हापासून ब्रॅड स्नायडर डोक्यातून जातच नाहीये.

स्नायडर अमेरिकन नेव्हीत लेफ्टनंट होता. नेव्हल अकॅडमीत स्विमिंग टीमचा कॅप्टन, मग बॉम्ब निकामी करणाऱ्या तुकडीत गेला. 7 सप्टेंबर 2011 ला अफगाणिस्तानात कंदाहारकडे एक स्फोट झाला, जखमींच्या मदतीला हा धावला आणि पुरलेल्या दुसऱ्या बॉम्बवर पाय पडला. हातपाय वाचले, दोन्ही डोळे गेले. वय 27.

आणि बरोब्बर एक वर्षाने, 7 सप्टेंबर 2012 ला, लंडन पॅरालिम्पिकमध्ये 400 मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड! 100 मीटरचंही गोल्ड, 50 ला सिल्व्हर. लोक याला चमत्कार म्हणतात, मला ते पटत नाही. डोळे गेल्यावर जिना नवा, रस्ता नवा, ताटातला घाससुद्धा नवा, पण पाणी त्याचं जुनंच होतं ना, हातांना ते पाठ होतं. तो बरा होताना जे आधीपासून येत होतं तिकडेच परत गेला.

त्याच्या एस 11 गटात, म्हणजे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंध पोहणाऱ्यांच्या गटात, सगळ्यांना पूर्ण काळे गॉगल घालावे लागतात, म्हणजे कुणाला थोडा उजेड कळत असेल तरी फायदा नको. आणि दोन्ही टोकांना एकेक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो, काठीच्या टोकाला मऊ गोळा. पोहणारा भिंतीजवळ आला की डोक्यावर नाहीतर पाठीवर टपली, की लगेच टर्न. लवकर पडली तर वेळ जातो, उशिरा पडली तर भिंतीवर आदळणार. पूर्ण वेगात, अंधारात, त्या एका टपलीच्या भरवशावर हात मारत राहायचं, हे मला त्याच्या मेडलपेक्षा मोठं वाटतं.

रिओतही गोल्ड मिळवून तो पुढे ट्रायथलॉनकडे वळला. टोकियोत 2021 ला ग्रेग बिलिंग्टन गाइड होता, पोहताना आणि पळताना दोघांमध्ये दोरी, सायकल दोघांची मिळून एक, आणि परत गोल्ड.

हे वाचताना आपले मुरलीकांत पेटकर आठवतातच. सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे, आर्मीतले, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं, आणि कुलाब्याला नेव्हीच्याच अश्विनी हॉस्पिटलात उपचार चालू असताना पोहायला लागले. 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत, वर्ल्ड रेकॉर्डसह गोल्ड. पद्मश्री मिळाली 2018 ला, मध्ये 46 वर्षं गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आमच्या टँकवर दिसत नसलेलं कुणी पोहायला आलेलं मी आजवर पाहिलं नाही. लागतं काय तर एक लांब काठी, टोकाला स्पंजचा गोळा आणि काठावर लक्ष देऊन उभा राहणारा माणूस. रविवारी मॅनेजरांशी बोलणार आहे, काठी मी बनवतो म्हणून सांगणार आहे, आणि सकाळी सहाच्या बॅचला टपली मारायला मीच उभा राहीन.