मोजणीत नसलेला पहिला दिवस

अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगररांगांतून जाणारी ॲपालेचियन ट्रेल ही पायवाट जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर माउंटनवर सुरू होते आणि 14 राज्ये ओलांडून, सुमारे 3,500 किलोमीटरनंतर, मेन राज्यातील कटाडिन शिखरावर संपते. अडचण अशी की, स्प्रिंगरच्या माथ्यावर गाडी जात नाही. तिथे पोहोचण्यासाठी एकतर जंगलातील कच्च्या रस्त्याने माथ्यापासून मैलभर अंतरावरील वाहनतळ गाठावा लागतो, नाहीतर ॲमिकलोला धबधब्याच्या पायथ्यापासून निघणारी, सुमारे 14 किलोमीटरची ‘अप्रोच ट्रेल’ चढावी लागते. हे 14 किलोमीटर मुख्य वाटेच्या लांबीत धरले जात नाहीत, त्यामुळे अनेकजण ते सरळ टाळतात. मी ते चाललो, आणि सुरुवात करायची तर तिथूनच करावी, असे माझे मत आहे.

संपूर्ण वाट सलग चालायला पाच ते सात महिने लागतात. व्हिसावर नोकरी करणाऱ्या माणसाने तेवढी रजा मागणे म्हणजे परतीचे तिकीट मागण्यासारखेच आहे, म्हणून दरवर्षी एकेक टप्पा चालायचे मी ठरवले आहे. या वर्षीचा टप्पा स्प्रिंगरपासून नील गॅप या खिंडीपर्यंतच्या सुमारे 50 किलोमीटरचा होता.

मार्चच्या मध्यावर, सकाळी आठ वाजता, पत्नीने मला ॲमिकलोला उद्यानात सोडले. तिथे सॅक टांगून वजन करण्यासाठी काटा आहे. माझी सॅक साडेसतरा किलो भरली. सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जड नसावी, हा ढोबळ नियम मला पाठ होता. तरीही दुसरी जीन्स, एक जाड पुस्तक, दोन जास्तीच्या बॅटऱ्या आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेल्या कित्येक वस्तू आत होत्या. जीन्स तर मुळातच चुकीची, कारण भिजलेले सुती कापड थंडीत लवकर वाळत नाही आणि अंगातील ऊब काढून घेते. जवळपास चार किलो सामान पत्नीबरोबर गाडीतून परत गेले. अप्रोच ट्रेलचा पहिला उपयोग हा असा, की आपली चूक घरी पाठवण्याची सोय असतानाच ती लक्षात येते.

दगडी कमानीखालून वाट निघते आणि थोड्याच वेळात 222 मीटर उंचीच्या धबधब्याला बिलगून वर जाणाऱ्या 604 पायऱ्या लागतात. निघताना थंडी होती म्हणून मी जाकीट घालूनच चढू लागलो आणि पायऱ्या संपेपर्यंत आतून घामाने चिंब झालो. वर वारा लागताच तोच घाम बर्फासारखा गार पडला. थोडी थंडी वाजत असतानाच चालायला लागावे, अंग आपोआप तापते, हे वाचून ठाऊक होते. कळले मात्र तेव्हा.

पुढची वाट झाडांवरच्या निळ्या पट्ट्यांच्या खुणांनी ओळखायची असते, कारण दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पांढरी पट्टी ही मुख्य वाटेची खूण. मार्चमध्ये झाडे निष्पर्ण असतात, त्यामुळे खोडांमधून पुढची डोंगररांग दिसत राहते आणि प्रत्येक चढ शेवटचाच आहे असा भास होतो. तो शेवटचा नसतो.

खरे तर, मोजणी कुठून करायची हे पूर्वी वेगळेच होते. 1958 पर्यंत या वाटेचे दक्षिण टोक स्प्रिंगरच्याही नैऋत्येला, माउंट ऑगलथॉर्पवर होते. 1955 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी घेऊन एमा गेटवुड तिथूनच निघाल्या आणि ही वाट एका हंगामात एकटीने पूर्ण चालणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. पुढे ऑगलथॉर्पच्या परिसरात वस्ती आणि व्यवसाय वाढले, म्हणून टोक स्प्रिंगरवर हलवण्यात आले. डोंगर तेच राहिले, शून्याची जागा बदलली.

वजनाचाच आणखी एक हिशेब मला आधी करावा लागला होता. 1 मार्च ते 1 जून या काळात जरार्ड गॅप ते नील गॅप या पट्ट्यात मुक्काम करायचा असल्यास अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या कडक डब्यात ठेवणे बंधनकारक आहे. तो डबा रिकामाच किलोभर भरतो. तो वाहण्याऐवजी मी त्या पट्ट्याच्या अलीकडे मुक्काम करून तो भाग दिवसाउजेडी पार करण्याचे ठरवले. त्यामुळे शेवटच्या दिवशीची चाल लांबली, पण पाठ वाचली.

दुपारी चारच्या सुमारास 1,153 मीटर उंचीच्या माथ्यावर पोहोचलो. खडकावर पहिली पांढरी पट्टी आणि जवळच काशाची पाटी. तेवढ्यात वाहनतळाकडून एक तरुण हातात केवळ पाण्याची बाटली घेऊन आला. त्याची सॅक गाडीतच होती, कारण त्याला आल्या वाटेने मैलभर उलट जाऊन तिथूनच पुढे निघायचे होते. त्याने माझ्या घामेजलेल्या शर्टाकडे पाहून, आज किती चाललात, असे विचारले. खडकातील नोंदवहीत मी नाव आणि तारीख लिहिली, अंतराच्या जागी शून्य लिहिले आणि वही त्याच्या हाती दिली.