ढवळ्याशेजारी पवळ्या

रविवार, रात्री उशिरा

जवळजवळ दोन महिन्यांनी घडीच्या चाकूंचा डबा काढला. काय बिघडलंय ते डोळ्यांच्या आधी नाकाला कळलं. झाकण उघडताच कापरासारखा वास आला आणि त्याच्या मागोमाग काहीतरी आंबट, घशाला झोंबणारं.

डब्यात सात चाकू. सहा हातानं घडवलेले. एकेका कारागिराच्या यादीत नाव घालून, वाट बघून मिळवलेले. सातवा जुना, कारखान्यातला. कासवाच्या पाठीसारखी पिवळी-तपकिरी नक्षी असलेली त्याची मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या जातीच्या प्लॅस्टिकची आहे. घेताना रंगाला भुललो होतो, दुसरं काही कारण नाही.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! एकपाती ट्रॅपरच्या (घडीच्या चाकूचा एक जुना प्रकार) पात्यावर, नखाच्या खाचेच्या जरा पुढे, तीन तांबूस ठिपके. बाकीच्यांपैकी दोघांच्या मुठीतल्या पितळी पत्र्यांवर हिरवट झाक.

वाचलं होतं मी हे सगळं. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. जुनं झालं की ते विघटित होऊ लागतं, त्यातून नायट्रोजन ऑक्साइडचे वायू सुटतात आणि हवेतल्या ओलाव्याशी मिसळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. बंद डब्यात त्याला जायला वाट नाही, मग ते शेजाऱ्यांना खातं. इतकं ठाऊक असूनही डबा एकच. आळस, दुसरं काय! सीपीएम-154 या सहसा न गंजणाऱ्या पोलादाची पाती वाचली, त्यात 14 टक्के क्रोमियम असतं. ट्रॅपर मात्र ओ-1 पोलादाचा, साधा, लगेच गंजणारा. आणि नेमका तोच माझा सगळ्यात लाडका.

कुणाला दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘याला लॉक कुठंय?’ लॉक नाहीच. पाठीमागे एक स्प्रिंग असते, ती पात्याच्या बुंध्यावर दाबून बसते, बस्स. बुंध्याला सपाट बाजू घासलेल्या असतात. पातं त्या सपाटीवर आलं की स्प्रिंग खाली बसते आणि ‘खट्’ वाजतं. अर्ध्यावर एक सपाटी ठेवली असेल तर पातं काटकोनातही थांबतं. ऐकायला सोपं. पण उघडं, अर्धं आणि बंद, या तिन्ही जागी स्प्रिंगची पाठ मुठीच्या काठाशी अगदी सपाट यायला हवी. बोट फिरवलं तर कड लागता कामा नये. त्यासाठी कारागीर डायलच्या मापकावर चाकू पुन्हा पुन्हा ठेवतो, केसभर घासतो, परत ठेवतो. एका जागी जास्त घासलं गेलं तर बाकीच्या दोन जागांचं गणित चुकतं. या उघडझापीच्या चालीला आणि आवाजाला मिळून ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात. अमेरिकेत इंडियानातल्या शेल्बर्न गावच्या टोनी बोसचं नाव या धंद्यात इतक्या आदरानं घेतात ते मुख्यतः अशा कामासाठी. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये स्टॅन शॉ 1941 साली पोरवयात या कामाला लागले आणि म्हातारपणापर्यंत चाकूच करत राहिले. एवढी वर्षं तेच तेच केस-केस घासणं! मला एक डबा धड सांभाळता आला नाही.

मुठींचं मात्र काही बिघडलं नाही. ट्रॅपरची सांबरशिंगाची आहे, जुन्या साठ्यातली. भारतानं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांबरशिंगांची निर्यात बंद केली, तेव्हापासून कारागीर असा तुकडा जपून वापरतात. शिंगाची साल खडबडीतच ठेवलेली आहे, अंगठा आपोआप तिच्यावर जाऊन बसतो.

मऊ कापडावर खनिज तेल घेऊन ठिपके पुसले. तांबडं निघून गेलं. खाली तीन काळे बिंदू राहिले, टाचणीच्या टोकाएवढे. पॉलिश पेपर हातात घेतला आणि परत ठेवला. हे पातं हातानं घासलेलं आहे, बुंध्याकडून टोकाकडे, सगळ्या रेघा एकाच दिशेनं. मधेच मी माझा हात चालवला तर ते तीन बिंदूंपेक्षा जास्त दिसेल.

लाजत लाजत कारागिराला फोटो पाठवला. वाटलं होतं, बोलणी खावी लागणार. उत्तर तासाभरात आलं, एकाच ओळीचं. ठिपक्यांबद्दल अवाक्षर नाही. विचारलं होतं, आवाज बदलला का?

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खोलीतला पंखा बंद केला आणि चाकू कानाजवळ धरून उघडला. अर्ध्यावरचा ‘खट्’ जरा बोदा वाटला, सुरुवातीला एखादा कण रगडल्यासारखा. सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडले, दहा-बारा वेळा उघडझाप केली. कडेनं काळसर तेल बाहेर आलं. पुसलं, परत दोन थेंब. तिसऱ्या खेपेला तेल स्वच्छ निघालं आणि आवाजही पूर्वीचा आला, कोरडा, तुटक. तरी आणखी चार-पाच वेळा उघडला, उगाचच.

एक गंमत (आता हसू येतंय, दुपारी येत नव्हतं). आठवा चाकू असतो तो खिशात. तोही साध्या पोलादाचा. फळं कापून कापून त्याचं पातं निळसर राखाडी झालंय. डब्यात त्याला कधी जागाच मिळाली नाही, म्हणून गंजाचा कण नाही.

सातव्याची मूठ नीट बघितली. खिळ्यांपाशी बारीक तडे गेलेत, म्हणजे तो उतरणीला लागलाच आहे. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं, तेव्हा दिव्याजवळ नको, उन्हात नको. टाकवत तर नाहीच. कागदात सैल गुंडाळून वरच्या उघड्या फळीवर ठेवलाय, एकटाच.